नवी आवृत्ती की शुद्धिपत्रक?

संगणक सुरू केला की पडद्यावर सूचना येते, 'अद्ययावत करा.' आपण ती कधी मानतो, कधी उद्यावर ढकलतो. ही सूचना कोण पाठवतो आणि कोणत्या हिशेबाने, याचा विचार मात्र सहसा करीत नाही. लिनक्सच्या जगात हा हिशेब उघड मांडलेला असतो.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. पण नुसत्या गाभ्यावर कुणाचे काम चालत नाही. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम जमवून, तपासून, एकत्र बांधून जो संच दिला जातो त्याला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही त्यांतली काही नावे. गाभा एकच, प्रोग्रॅमही बरेचसे तेच. मोठा फरक आहे तो नवे केव्हा द्यायचे, या धोरणात.

मी कवितेचा माणूस. मला हा फरक छापखान्याच्या भाषेत कळतो. आर्च म्हणजे दैनिक. प्रोग्रॅम नवा झाला की थोड्याच दिवसांत तो तुमच्या दारात. फेडोरा हे षण्मासिक. प्रत्येक अंकाची काळजी साधारण तेरा महिने घेतली जाते. उबुंटूचे अंकही एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघतात, पण दर दोन वर्षांनी येणाऱ्या 'एलटीएस' अंकाला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात.

डेबियन हा ग्रंथ आहे. त्याची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात मजकूर सहसा बदलत नाहीत, शुद्धिपत्रक जोडतात. प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचा दोष सापडला, तर शक्यतो तेवढीच दुरुस्ती जुन्या प्रोग्रॅममध्ये बसवतात. याला 'बॅकपोर्टिंग' म्हणतात. त्यामुळे आवृत्तीचा आकडा जुना दिसला, तरी दोष तसाच राहिला आहे असे समजू नये.

या सावकाशीचे मोल मार्च २०२४ मध्ये दिसले. 'एक्सझेड' नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ते काम एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या हाती होते. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने सुमारे दोन वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. तो मागे लागला आणि बिंग फुटले. तोवर बिघडलेली आवृत्ती आर्चमध्ये आणि डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती नव्हती.

म्हणून जुने तेवढे सोने, असे मात्र नव्हे. ज्याचे शुद्धिपत्रक निघणे बंद झाले, ते जुने धोक्याचेच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तसा संगणक लिनक्सवर नेण्याचा विचार असेल, तर दिसण्यावर जाऊ नका; दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, ते आधी विचारा. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे एवढेच काम असेल, तर उबुंटूची एलटीएस किंवा डेबियनची स्थिर आवृत्ती पुरे. नव्याची हौस आणि बिघाड निस्तरण्याची तयारी दोन्ही असतील, तर आर्च आहेच.

मार्ग कोणताही घ्या, सुरक्षेची दुरुस्ती आली की ती उद्यावर टाकू नका. आणि लिहिलेल्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. घात झाला तर प्रोग्रॅम पुन्हा मिळतो. हरवलेले लिखाण मिळत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)