तिसऱ्या काउंटरचा प्रिंटर

पिंपळनेरच्या एखाद्या ऑफिसात दहा-बारा कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत, असं धरू. तिसऱ्या काउंटरचा प्रिंटर अडकलाय. पावती छापून येत नाही आणि दहिवेलहून आलेले आजोबा एसटीच्या वेळेकडे डोळे लावून उभे आहेत. कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा काउंटरवर धावत नाही. आतल्या खोलीत बसूनच काळ्या खिडकीत तो टाइप करतो: पीएसएक्झेक, दोन उलट्या तिरक्या रेघा, तिसऱ्या काउंटरच्या कॉम्प्युटरचं नाव आणि पुढे 'नेट स्टॉप स्पूलर'. मग पुन्हा तेच, फक्त 'स्टॉप'च्या जागी 'स्टार्ट'. छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस बंद होऊन चालू होते आणि बहुतेक वेळा पावती बाहेर येते.

पीएसएक्झेक हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर हुकूम चालवणारं साधन मार्क रसिनोविच यांनी लिहिलं. त्यांची सिसइंटर्नल्स ही साधनं २००६ साली मायक्रोसॉफ्टकडे गेली. पीएसएक्झेकची खुबी अशी, की समोरच्या मशीनवर आधी काहीच बसवावं लागत नाही. फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून ते आत शिरतं. प्रत्येक विंडोजमध्ये 'ॲडमिन डॉलर' नावाचं एक लपलेलं शेअर असतं, म्हणजे खुद्द विंडोजचंच फोल्डर. ते फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला उघडतं. तिथे एक छोटी फाइल टाकायची, ती सर्व्हिस म्हणून नोंदवून सुरू करायची, हुकूम तिच्याकडून चालवून घ्यायचा. काम होतं तिकडे, आपल्या पडद्यावर येतो फक्त त्याचा जबाब. काम संपलं की ती सर्व्हिस काढून टाकली जाते.

पासवर्ड बरोबर असूनही 'ॲक्सेस डिनाइड' आलं की नवखा माणूस गोंधळतो. व्हिस्टापासून विंडोजने नियम केला: त्या मशीनवर आपण तयार केलेलं ॲडमिन खातं नेटवर्कवरून आलं, की त्याचे खास अधिकार काढून घ्यायचे. डोमेनच्या, म्हणजे सगळी मशीन एकाच सर्व्हरखाली असतात त्या व्यवस्थेतल्या, ॲडमिन खात्याला ही अडचण येत नाही. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून हा नियम बंद करता येतो आणि पुष्कळजण तेच करतात. मी म्हणेन, करू नका.

कारण याच वाटेने २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला. मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि पीएसएक्झेकने शेजारच्या मशीनवर उडी मारायची, ही त्याची एक रीत होती. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क कोलमडलं. त्यात आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. बारा मशीनना एकच ॲडमिन पासवर्ड असेल, तर एक मशीन गेलं म्हणजे बाराही गेली.

म्हणून प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. डोमेन असेल तर विंडोजचं 'लॅप्स' नावाचं साधन हे काम आपोआप करतं. ४४५ पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त आतल्या खोलीतल्या मशीनसाठी उघडं ठेवा. आणि संध्याकाळी सिस्टिम लॉग चाळा. नवी सर्व्हिस बसली की तिथे ७०४५ क्रमांकाची नोंद होते. कुणीही दुरुस्ती केलेली नसताना त्या नोंदीत पीएसएक्झेकच्या सर्व्हिसचं नाव दिसलं, तर आधी नेटवर्कची वायर काढा, चौकशी मग करा.