झाडांच्या पाट्या वाचत एक दिवस

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस काय काय पाहतो? हावडा पूल, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल. शेवटच्या दिवशी रसगुल्ल्यांचे डबे बांधून घेतो आणि गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसतो. हुगळीच्या पश्चिम काठावर, हावड्याजवळच्या शिबपूरला, सव्वादोनशेहून अधिक वर्षांची एक बाग आहे, तिकडे जायचे राहूनच जाते. गेलाच कोणी, तर तिथला प्रसिद्ध महावृक्ष, म्हणजे वड, पाहतो, त्याच्यासमोर फोटो काढतो आणि तासाभरात परत फिरतो.

आम्हीही तसेच निघालो होतो. बरोबर आठ वर्षांचा पुतण्या होता. फाटकातून आत शिरल्यावर त्याने चहूकडे नजर फिरवली आणि विचारले, "काका, इथे पाळणे कुठे आहेत?" पाळणे नाहीत म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, "मग ही बाग कसली?"

प्रश्न अगदी रास्त होता. आज त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

या बागेचे आजचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान. २००९ मध्ये हे नाव दिले गेले. बसचे कंडक्टर मात्र अजून 'बी. गार्डन' असेच ओरडतात. क्षेत्र २७० एकरांहून अधिक. आत रस्ते आहेत, तळी आहेत, झाडांच्या लांबच लांब रांगा आहेत. पण आपल्या गावच्या बागेत आणि या बागेत एक मूलभूत फरक आहे. गावच्या बागेतले झाड सावलीसाठी असते, शोभेसाठी असते. वनस्पती उद्यानातल्या झाडाला नाव असते आणि त्याची नोंद असते. ते कोणत्या जातीचे, कुठून आले, कधी लावले, हे कुठेतरी लिहून ठेवलेले असते. याच आवारात देशातला सर्वात मोठा वनस्पतिसंग्रह आहे. दाबून वाळवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे सुमारे २० लाख नमुने तिथे जपून ठेवले आहेत. बाहेर जिवंत झाडे आणि आत त्यांचे दप्तर, असा हा कारभार आहे.

ही बाग सुरू झाली १७८७ मध्ये, तीही फुलांच्या हौसेपोटी नव्हे. कर्नल रॉबर्ट किड हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली होती. ती आठवण ताजी होती. किड यांनी कंपनीला कळवले की मलायातला साबुदाण्याचा ताड, इराणातला खजूर अशी झाडे इथे आणून वाढवावीत, म्हणजे भात बुडाला तरी लोकांच्या पोटाला काही मिळेल. अर्थात कंपनी ती कंपनी. तिला जहाजांसाठी सागवान हवे होते आणि डच व्यापाऱ्यांच्या हातातली मसाल्याची झाडेही हवी होती. दुष्काळ आणि नफा या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात होत्या.

गंमत अशी की यातले बरेचसे फसले. जायफळ, लवंग यांना बंगालची हवा मानवली नाही. गंगेच्या गाळाच्या जमिनीत सागवान उगवले, पण त्याचे लाकूड चांगले निघेना. बरीच वर्षे खटपट करून अखेर तो नाद सोडावा लागला. पण इथे काय होत नाही हे कळणे हेही ज्ञानच आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर प्रयोग केला आणि तो फसला, तर त्याचे वर्ष बुडते. बागेने प्रयोग केला तर एक वाफा बुडतो. आणि जे जमले, ते थोडेथोडके नव्हते. वेस्ट इंडीजमधले महोगनीचे झाड १७९५ मध्ये याच बागेत आले. १८३५ च्या सुमारास चीनमधून आणलेले चहाचे बी इथे रुजवले गेले आणि त्याची रोपे आसामकडे आणि हिमालयाच्या पायथ्याकडे रवाना झाली. आपल्या सकाळच्या चहाच्या कपापर्यंत येणारी एक वाट या बागेतून गेलेली आहे.

आता पाट्यांकडे वळू. बागेत हिंडताना झाडाजवळची पाटी वाचायची सवय लावून घ्यावी. पाटीवर तीन गोष्टी असतात. पहिला शब्द झाडाच्या प्रजातीचा, म्हणजे जणू त्याचे आडनाव. दुसरा शब्द त्याच्या जातीचा, म्हणजे त्याचे स्वतःचे नाव. त्यापुढे एक तुटका शब्द असतो, तो आपण वाचतच नाही. तो शब्द म्हणजे ज्याने हे नाव प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने प्रसिद्ध केले, त्या माणसाची सही. वडाच्या पाटीवर 'फायकस बेंगालेन्सिस' आणि पुढे नुसते 'एल.' असते. हा एल. म्हणजे स्वीडनचा लिनियस. भारतीय झाडांच्या नावांपुढे मात्र एक सही वारंवार भेटते, 'रॉक्सब.' म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग. किड यांच्या मृत्यूनंतर १७९३ मध्ये हे स्कॉटिश डॉक्टर बागेचे प्रमुख झाले आणि वीस वर्षे तिथे राहिले.

आपल्याकडचीच उदाहरणे घ्या. ज्याची पाने विदर्भात विड्यांसाठी गोळा होतात ती टेंभुर्णी, घरातल्या जुन्या काळ्याभोर फर्निचरची शिसवी, धुपासारखा सुगंधी डिंक देणारी सालई. या तिघांच्या शास्त्रीय नावांपुढे रॉक्सबर्ग यांची सही आहे. चौथे उदाहरण आहे कुंभ्याचे. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे झाड माहीत असते. पांढऱ्या, केसाळ, मोठ्या फुलांचे. याच्या सालीच्या तंतूंपासून पूर्वी तोड्याच्या बंदुकांसाठी वात करत. या कुंभ्याचे शास्त्रीय नाव आहे 'कॅरेया आर्बोरिया'. रॉक्सबर्ग यांनी ते आपले मित्र विल्यम कॅरे यांच्यावरून ठेवले.

हे कॅरे कोण? मराठी छपाईच्या इतिहासात त्यांना मानाचे पान आहे. मिशनरी म्हणून आलेले हे गृहस्थ हुगळीकाठच्या श्रीरामपुरात (आपल्या नगरकडचे श्रीरामपूर नव्हे!) राहत आणि कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये. याच माणसाला झाडांचे वेड होते. शिबपूरच्या बागेतल्या साडेतीन हजार वनस्पतींची रॉक्सबर्ग यांनी केलेली यादी त्यांनी १८१४ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर काढली. रॉक्सबर्ग वारल्यानंतर त्यांचा भारतीय वनस्पतींवरचा मोठा ग्रंथही त्यांनीच प्रसिद्ध केला. मराठी शब्दांची यादी करणारा आणि झाडांची यादी छापणारा माणूस एकच होता, आणि त्याचे नाव आपल्या डोंगरातल्या कुंभ्याला चिकटलेले आहे.

नावांचा हा खेळ फक्त पंडितांचा आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून अशोकाच्या झाडापाशी थोडे थांबू. आपल्याकडे सोसायटीच्या भिंतीलगत उंच, सरळ, लोंबत्या पानांची जी झाडे लावतात, त्यांना आपण सर्रास अशोक म्हणतो. तो खरा अशोक नव्हे. तो आसुपालव. सीतेचा अशोक वेगळा. तो पसरट असतो आणि त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गेंद येतात. आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर जी साल सांगितली आहे, ती या खऱ्या अशोकाची. बाजारात मात्र तिच्या नावाखाली आसुपालवाची साल मिसळली जाते, हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. नाव चुकले की औषध चुकते आणि औषध चुकले की त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. शिवाय खऱ्या अशोकाची साल ओरबाडून ओरबाडून रानातली झाडे कमी होत चालली आहेत. म्हणूनच पाटी लावलेले, ओळख पटलेले एक झाड महत्त्वाचे असते. शंका आली तर ताडून पाहायला ते जागेवर उभे असते.

अशोकाच्या पाटीवर आणखी एक गोष्ट आहे. तिथे 'रॉक्सब.' ही सही कंसात असते. कंसाचा अर्थ असा, की जातीचे नाव याने ठेवले, पण पुढे कोणीतरी झाड दुसऱ्या प्रजातीत हलवले. रॉक्सबर्ग यांनी या झाडाला 'जोनेसिया असोका' म्हटले होते. जोनेसिया हे एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ. पण लिनियस यांनी त्या प्रजातीला आधीच 'साराका' हे नाव दिले होते, आणि या शास्त्रात जुन्या नावाचा मान पहिला. जोन्स साहेबांचे नाव गेले. 'असोका' हा आपला शब्द मात्र राहिला. शिसू नावाच्या झाडाच्या शास्त्रीय नावातही 'सिसू' हा देशी शब्द तसाच बसलेला आहे. रॉक्सबर्ग झाडांची स्थानिक नावे विचारून टिपून घेत. ती नावे सांगणारे माळी, वैदू, लाकूडतोडे कोण होते, हे मात्र कुठल्याच पाटीवर नाही. त्यांनी स्थानिक चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. एक संच इथे राहिला, एक लंडनला गेला. पाकळी न् पाकळी मोजून काढलेली ही चित्रे अभ्यासक आजही पाहतात, पण ज्यांच्या हातून ती उतरली त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

आता वड. मी सांगेन की तो शेवटी पाहावा. तोवर पाय दुखू लागलेले असतात आणि तिथे बसून राहावेसे वाटते. त्याचे वय अडीचशे वर्षांच्या घरात सांगतात. पक्ष्याच्या विष्ठेतून खजुराच्या झाडावर बी पडले आणि तो रुजला, अशी कथा आहे. वडाच्या बाबतीत ती अशक्य मुळीच नाही. दूरून पाहिले तर ते रान वाटते. जवळ गेले की खोडच खोड दिसतात. पण ही खोडे नव्हेत, पारंब्या आहेत. साडेतीन हजारांहून अधिक. मूळ खोड यात नाहीच. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याला जखमा झाल्या, बुरशी शिरली आणि अखेर १९२५ मध्ये ते कापून काढावे लागले. त्याचा घेर १५ मीटरहून अधिक होता. मधली ती जागा आज रिकामी आहे. झाड मात्र जिवंत आहे आणि पसरते आहे. त्याच्याभोवती ३३० मीटरचा रस्ता केला होता. वड तो ओलांडून पुढे गेला.

हा निव्वळ निसर्गाचा चमत्कार नाही. पारंबी आपोआप जमिनीला टेकतेच असे नाही. कोवळ्या पारंबीला माळी बांबूच्या नळीत माती भरून आधार देतात, तिला खाली आणतात, रुजवतात. ती जाड झाली की वरची फांदी पेलते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले आहे.

बागेचेही तसेच झाले. १८६४ च्या वादळात हजाराहून अधिक झाडे पडली, सावली उरली नाही. १८७१ मध्ये आलेल्या जॉर्ज किंग यांनी तळी खोदली, निघालेल्या मातीने सखल जमीन उंच केली, रस्ते आखले, नवी झाडे लावली. आज आपण जी बाग पाहतो ती बरीचशी त्यांची. मग २० मे २०२० ला अम्फान वादळ आले. शेकडो झाडे उन्मळून पडली, वडाच्याही काही पारंब्या तुटल्या. पण कोणते झाड गेले, ते कुठून आले होते, हे दप्तरात होते. नोंद असेल तर गेलेल्या झाडाच्या जागी काय आणायचे हे कळते. नोंद नसेल तर काय गेले हेही कळत नाही.

जाणार असाल तर थंडीच्या दिवसांत जा. सोमवारी बाग बंद असते. सकाळी लवकर शिरा, पाण्याची बाटली आणि चालायचे जोडे घ्या, आणि सगळी बाग पाहून होईल अशी आशा धरू नका. दहा पाट्या नीट वाचल्या तरी दिवस सत्कारणी लागला म्हणायचे. कोलकाता दूर असेल, तर मुंबईची राणीची बाग आहेच. १८६२ पासूनची ती बागही मुळात झाडांचीच. पेंग्विनच्या रांगेत उभे असताना जवळच्या झाडाची पाटी वाचून पाहा.

परतताना पुतण्या गप्प होता. आमच्या इमारतीच्या दारात आला आणि भिंतीलगतच्या उंच झाडांकडे बोट दाखवून वॉचमनला म्हणाला, "हा अशोक नाही. याची पाटी कुठे आहे?"

पाटी नव्हती. मग पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून ती लिहिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)