पांढरी कावीळ आणि आपली राहून गेलेली लस

नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतोय. कर्जत लोकलच्या गर्दीत किंवा खोपोलीच्या गाडीत ऐकताना नावं आणि आकडे निसटतात, म्हणून ज्यांना निवांत वाचायचंय त्यांच्यासाठी हे.

आजचा विषय हेपेटायटिस बी. आपल्याकडे याला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. त्यामुळे औषधाचा सल्ला देणार नाही. पण एक प्रश्न विचारणार आहे, आणि भाग संपेपर्यंत तो डोक्यात ठेवा: तुमचा जन्म कोणत्या साली झाला?

नाव पांढरी का?

साधी कावीळ झाली की डोळे पिवळे, लघवी पिवळी, जेवण नकोसं. घरच्यांना लगेच कळतं. हेपेटायटिस बीचा विषाणू मात्र बहुतेक वेळा असं काहीच दाखवत नाही. माणूस कामाला जातो, क्रिकेट खेळतो, लग्नात नाचतो आणि विषाणू यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये बसून असतो. डोळे पिवळे न करणारी, म्हणून पांढरी.

सहा महिन्यांहून जास्त काळ तो शरीरात राहिला तर त्याला जुनाट म्हणजे क्रॉनिक संसर्ग म्हणतात. वीस-तीस वर्षांत त्यातून काहींना सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत आकसून कडक होतं. काहींना यकृताचा कॅन्सर होतो. सगळ्यांना नाही होत, पण कोणाला होणार हे तपासणीशिवाय कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हा संसर्ग होता. त्यात भारतातले जवळपास ३ कोटी. जगभरातल्या या रुग्णांपैकी निदान झालेले फक्त १३ टक्के. बाकीच्यांना माहीतच नाही.

आपली बॅच सुटली

आता जन्मसालाकडे येऊ. या रोगावर चांगली लस १९८० च्या दशकापासून आहे. भारतात ती बाहेरून यायची आणि महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पहिली देशी रीकॉम्बिनंट लस बाजारात आणली आणि किंमत धाडकन खाली आली. पुढे आपल्या पुण्याच्या सीरमनेही ही लस बनवली.

पण लस बाजारात येणं वेगळं आणि सरकारी लसीकरणात येणं वेगळं. सरकारी कार्यक्रमात ती २००२ च्या सुमारास मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली, मग टप्प्याटप्प्याने वाढली आणि २०११ च्या आसपास देशभर लागू झाली.

म्हणजे बघा, आज जे पंचवीस-तीस वर्षांचे आहेत, ज्यांचं लहानपण नेरळ, कळंब, खांडस, चौक, वावोशी अशा ठिकाणी गेलं, त्यांच्या लसीच्या कार्डावर बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर एवढंच असण्याची शक्यता मोठी. हेपेटायटिस बी तेव्हाच मिळाली असेल, जेव्हा आईवडिलांनी खाजगी दवाखान्यात पैसे देऊन घेतली असेल. आज वाडीवरच्या अंगणवाडीतल्या पोराला जे संरक्षण फुकट मिळतं, ते त्याच्या इंजिनियर मामाला कदाचित मिळालेलं नाही.

यात कोणाची चूक नाही. पण राहिलेली लस आपोआप पूर्ण होत नाही, ती आपल्यालाच घ्यावी लागते.

पसरतो कसा, आणि कसा नाही

हा विषाणू रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा तो किमान सात दिवस टिकतो. म्हणून नुसत्या पुसलेल्या सुईवर किंवा ब्लेडवर विश्वास ठेवायचा नाही.

आपल्या रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय?

जत्रेत बसलेला टॅटूवाला. एकच सुई, एकच शाईची वाटी आणि समोर रांग. टॅटू काढायचाच असेल तर सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाई नवीन छोट्या कपात ओतली पाहिजे. गोंदवून घेणं असो की कान टोचणं, नियम तोच.

सलून. नवीन ब्लेड लावायला सांगायला लाजू नका. घरातही रेझर, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्याचं वेगळं.

इंजेक्शन. ‘डॉक्टर, एक सुई मारा म्हणजे बरं वाटेल’ ही आपली जुनी सवय. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात हेपेटायटिस बीची साथ आली, अनेकांचे जीव गेले. तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं समोर आलं. गोळीने भागत असेल तर सुई मागू नका. घ्यावी लागलीच तर सिरिंजचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा.

रक्त. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेली गोष्ट. १९८२ मध्ये ‘कुली’च्या शूटिंगमध्ये त्यांना जबर मार लागला. त्यांना सुमारे दोनशे दात्यांचं रक्त चढवलं गेलं आणि त्यातल्या एकाच्या रक्तातून हा विषाणू आला. ते कळलं कित्येक वर्षांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. तरीही औषधं आणि नियमित तपासणी यांच्या जोरावर ते काम करत राहिले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशियासाठी हेपेटायटिसचे सदिच्छा दूत केलं. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची ही तपासणी सक्तीची आहे, त्यामुळे रक्त घ्यायला घाबरू नका. आणि रक्तदान करताना सुई नवीनच असते, त्यामुळे द्यायलाही घाबरू नका.

संबंध. कंडोम वापरा. जोडीदाराला संसर्ग असेल तर दुसऱ्याने टेस्ट आणि लस दोन्ही करायचं.

आता कसा पसरत नाही ते. एका ताटात जेवल्याने नाही. पाण्याने नाही. खोकल्याने, शिंकेने, मिठी मारल्याने, हात मिळवल्याने, एकच संडास वापरल्याने नाही. डास चावल्याने नाही. हा परिच्छेद घरच्या ग्रुपवर टाका, फार उपयोगी पडेल.

माळेचं काय?

आपल्या भागात कावीळ म्हटली की कोणीतरी सांगतंच, ‘अमक्याकडे जा, माळ घालतो’ किंवा ‘चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवतो’. त्या माणसांची टिंगल मला करायची नाही, लोक विश्वासाने जातात. पण आत काय होतं ते समजून घेऊ.

दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा हेपेटायटिस ए किंवा ई असते. बहुतेक लोकांत ती काही आठवड्यांत आपली आपण बरी होते (गरोदर बाईला ई झाली तर मात्र धोका मोठा, लगेच दवाखाना). माळेतल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. तेवढ्यात रोगीही बरा होतो. श्रेय माळेला. चुन्याचं पाणी पिवळं होतं ते आधी हाताला लावलेल्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. रस आणि चुना एकत्र आले की रंग बदलतो, अंगातली कावीळ उतरत नाही.

खरी अडचण पुढे आहे. बी असेल तर डोळ्यांचा पिवळेपणा जातो, माळ ‘यशस्वी’ होते आणि विषाणू आतच राहू शकतो. म्हणून माळ घातली असली तरी रक्ताची तपासणी करून घ्या.

तीन टेस्ट, सोप्या भाषेत

रिपोर्ट वाचता यावा म्हणून हे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

एचबीएस-एजी: विषाणू आत्ता चालू आहे का? पॉझिटिव्ह म्हणजे आहे.

अँटी-एचबीएस: फायरवॉल आहे का? १० किंवा त्याहून जास्त आकडा म्हणजे संरक्षण आहे, लसीमुळे किंवा जुना संसर्ग बरा झाल्यामुळे.

अँटी-एचबीसी टोटल: जुनी लॉग फाइल. विषाणू कधीतरी येऊन गेला का, किंवा अजून आहे का, याची नोंद. नुसत्या लसीने ही पॉझिटिव्ह येत नाही.

तिन्ही निगेटिव्ह आल्या तर तुम्ही मोकळे आहात, पण उघडेही आहात. लस घ्या. मोठ्यांसाठी तीन डोस: आज, एक महिन्याने आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसरा डोस लोक विसरतात, आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. मध्ये उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. तिन्ही टेस्ट परवडत नसतील तर निदान एचबीएस-एजी करा. आधीच संरक्षण असताना लस घेतली तरी अपाय होत नाही.

वापरलेली सुई टोचली किंवा संसर्ग असलेल्याचं रक्त जखमेला लागलं, तर वाट बघू नका. शक्यतो २४ तासांच्या आत दवाखान्यात जा. लस आणि गरज पडल्यास इम्युनोग्लोब्युलिन देऊन संसर्ग टाळता येतो.

पॉझिटिव्ह आली तर

पहिलं म्हणजे श्वास घ्या. मोठेपणी पहिल्यांदा संसर्ग झालेल्या शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं शरीर विषाणूला स्वतःच हरवतं. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट संसर्ग. त्यातही प्रत्येकाला गोळी लागत नाही. व्हायरल लोड, यकृताचे एन्झाइम, सोनोग्राफी बघून डॉक्टर ठरवतात.

लागली तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, रोज एक गोळी. ती विषाणूला दाबून ठेवते, बहुधा मुळापासून काढत नाही. त्यामुळे बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, अचानक बंद केल्यास आजार उसळतो. दारू पूर्ण बंद. ‘लिव्हर साफ करणारे’ काढेही बंद.

खर्चाची काळजी असते. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आपल्या दोन तालुक्यांत चौकशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, कशेळे किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात सुरू करा. पुढच्या तपासण्यांसाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईला पाठवू शकतात. मुंबईला जायचं तर भायखळ्याला उतरलं की जे.जे. जवळ आहे.

घरात बाळ येणार असेल तर

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. मोठ्यांत संसर्ग जुनाट होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, पण जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळात ते ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आज कॅन्सरच्या वॉर्डात असलेल्या कित्येकांची गोष्ट त्यांच्या जन्माच्या दिवशीच सुरू झालेली असते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक गरोदर बाईची एचबीएस-एजी टेस्ट. जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला पहिला डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा, आणि आईचा व्हायरल लोड जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत गोळी. अंगावर पाजायला हरकत नाही. नुसत्या या कारणासाठी सिझेरियनची गरज नाही.

अडतं कुठे? बाळंतपण वाडीवर, घरी झालं की २४ तास निघून जातात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पुढचे डोस मागे राहतात. तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर एवढं सांगा: लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, गाव बदललं तरी चालतं, कार्ड सोबत ठेवा. आता यू-विनवर नोंद असते, मोबाइल नंबर दिला की झालं. ते ॲप उघडून द्यायला आपल्यासारखं कोणीतरी लागतं, तेवढं काम आपण करू शकतो.

सोबत

पुष्कळ तरुणांना हा संसर्ग कळतो तो रक्तदान शिबिरानंतर किंवा आखाती देशातल्या नोकरीच्या मेडिकलमध्ये. नोकरी हातची जाते आणि रोगाचं नावही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकू येतं. मग घरी ताट वेगळं, लग्नाची बोलणी थांबलेली.

अशा मित्राला ‘कुठून आणलास?’ असं विचारू नका. बहुतेकदा त्यालाही माहीत नसतं, कदाचित जन्मापासूनच असेल. त्याऐवजी विचारा, ‘पुढची तपासणी कधी आहे? मी येतो सोबत.’ त्याच्या ताटात जेवा. त्याचा रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय कोणाला सांगू नका, होणाऱ्या सासरच्यांनाही नाही. जोडीदाराला सांगायचं काम त्याचं, आणि लस घेतलेल्या जोडीदारासोबत संसार नीट होतो.

या आठवड्याचं काम

आईला फोन करून विचारा, ‘माझं लसीचं कार्ड आहे का? त्यात हेपेटायटिस बी लिहिलंय का?’ नसेल किंवा आठवत नसेल तर टेस्ट करा आणि निगेटिव्ह आली की पहिला डोस घ्या. घरात कोणाला ही कावीळ असेल, होती, किंवा यकृताच्या कॅन्सरने कोणी गेलं असेल तर घरातल्या सगळ्यांची टेस्ट करून घ्या, आजीपासून पोरापर्यंत.

पहिला डोस घेतलात की कळवा, आणि हा भाग तुमच्याच बॅचच्या एका मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.