भुताचे जहाज खोटे का दिसते?

दाट धुक्याने भरलेला समुद्र डोळ्यांसमोर आणा. एका लहानशा बोटीत दोन तरुणी भरकटल्या आहेत. इतक्यात धुक्यातून एक अवाढव्य, जुनाट शिडाचे जहाज पुढे येते. डेकवर चिटपाखरू नाही. रात्र पडते, आणि जहाजाच्या पोटातल्या शवपेट्यांची झाकणे करकरू लागतात. आतून बाहेर येतात ते आंधळे, सांगाड्यासारखे टेम्पलर सरदार. त्यांना दिसत नाही. ते आवाजाच्या रोखाने येतात!

हा १९७४ सालचा स्पॅनिश चित्रपट. नाव ‘एल बुके माल्दितो’, म्हणजे ‘शापित जहाज’. दिग्दर्शक आमांदो दे ओसोरिओ. भीती तर छान जमली आहे. पण निर्मितीसाठी पैसा तुटपुंजा होता, आणि शेवटाकडे ते जहाज पेटते तेव्हा प्रेक्षक घाबरायचे सोडून हसू लागतात. पाण्यावर जळते आहे ते चक्क एक खेळणे, हे शाळेतले पोरही ओळखते. धुके होते तोवर सगळे झाकले गेले होते, एवढेच.

आता प्रश्न असा, की आपल्याला हे कळते कसे? पडद्यावर शेजारी फूटपट्टी तर ठेवलेली नसते. खेळण्यातले जहाज अगदी हुबेहूब बनवले, त्याची दोरी न् दोरी बारकाईने कोरली, तरी आपण फसत नाही. चुगली करते ते पाणी.

सोयीसाठी समजा, खरे जहाज २५ मीटर लांब आहे आणि त्याची प्रतिकृती १ मीटरची. सगळे २५ पट लहान केले. पण एक गोष्ट लहान करता आली नाही, ती म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. खऱ्या जहाजाच्या २० मीटर उंच डोलकाठीच्या टोकावरून एखादी वस्तू सुटली, तर तिला खाली यायला सुमारे २ सेकंद लागतात. प्रतिकृतीत ती उंची ८० सेंटिमीटर. तेथून वस्तू ०.४ सेकंदात खाली येते. अंतर २५ पट कमी झाले, पण वेळ मात्र पाचपटच कमी झाला. २५ चे वर्गमूळ ५, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

लाटांचेही तेच. खोल समुद्रात २५ मीटर लांबीची लाट एका जागेवरून पुरी जायला ४ सेकंद घेते. १ मीटरची लाट ०.८ सेकंदात जाते. म्हणून मोठे जहाज संथपणे डुलते आणि खेळणे टुणटुण उड्या मारते. आपण लहानपणापासून घंगाळात आणि पावसाच्या डबक्यात पाणी पाहत आलो आहोत. त्यामुळे हे गणित न शिकताही डोळ्याला ते पाठ असते.

वर्गमुळाचा हा नियम जहाजांना लावून दाखवला तो विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने. छोट्या प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाविषयी काही सांगता येते, यावर त्या काळी पुष्कळांचा विश्वास नव्हता. फ्राउडने ‘हंस’ आणि ‘डोमकावळा’ अशा नावांच्या दोन आकारांच्या प्रतिकृती ३, ६ आणि १२ फूट लांबीच्या बनवल्या आणि त्या पाण्यातून ओढून पाहिल्या. वेग वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, की लहानमोठ्या प्रतिकृतींभोवती लाटांची नक्षी सारखीच उठते, असे त्याला आढळले. पण खेळण्यांवर भरवसा कोण ठेवणार? तेव्हा १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ नावाचे खरे आरमारी जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून विरोध मोजला, आणि प्रतिकृतीवरून काढलेले आकडे त्याच्याशी जुळले.

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे बंदरांच्या प्रतिकृतींत कृत्रिम लाटा सोडतात त्याही याच हिशोबाने. प्रतिकृती १०० पट लहान असेल, तर समुद्रातली १० सेकंदांची लाट तेथे १ सेकंदाची करावी लागते. तेथे हिशोब चुकला तर हसण्यावारी नेता येत नाही, कारण खरा धक्का त्यावरून बांधायचा असतो.

चित्रपटवाल्यांनी याच नियमातून तोड काढली. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. आपल्या १ मीटरच्या जहाजाचे चित्रण सेकंदाला १२० चित्रे या वेगाने केले आणि २४ च्या वेगाने दाखवले, की सगळे पाचपट सावकाश होते आणि लाटा भारदस्त दिसू लागतात. आगीलाही हा उपाय थोडा लागू पडतो. १ मीटर रुंदीची आग सेकंदाला साधारण दीड वेळा उसळते, ४ सेंटिमीटरची सात-आठ वेळा.

मग अडते कुठे? थेंबापाशी! पाण्याचा पृष्ठताण थेंबाचा आकार ठरवतो. प्रतिकृती लहान केली म्हणून थेंब लहान होत नाहीत. ५ मिलिमीटरचा थेंब आपल्या जहाजाशेजारी साडेबारा सेंटिमीटरचा दिसतो, म्हणजे नारळाएवढा. समुद्राच्या तुषारांत नारळ उडताना कोणी पाहिले आहेत? यावर खरा इलाज एकच, प्रतिकृतीच मोठी करणे. १९८० च्या ‘रेझ द टायटॅनिक’ या चित्रपटासाठी सुमारे १७ मीटर लांबीचे जहाज बनवले आणि त्यासाठी माल्टा बेटावर प्रचंड हौद बांधला. एवढा पैसा भुतांच्या वाट्याला कुठून यायचा!

घरात कोणाच्या मोबाइलमध्ये स्लो मोशनची सोय असेल तर एक गंमत करा. घमेल्यात होडी सोडा, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा आणि हाताने लाटा उठवा. आधी साधे चित्रण करा, मग स्लो मोशनमध्ये. दुसऱ्यात होडीचे जहाज झालेले दिसेल. मग पाण्यात एक खडा टाका आणि उडालेले नारळ मोजा.