नवे स्पीकर घ्यावेत की जुनेच ठेवावेत?

आमच्या महाविद्यालयात शिकून गेलेला एक विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. तो दातिवऱ्याचा. सफाळे स्टेशनावर उतरून एस.टी.ने गेले की वैतरणेच्या खाडीच्या तोंडाशी हे गाव लागते; पलीकडे पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. त्याच्या घरी टेबलावर मावतील असे दोन लाकडी स्पीकर आहेत, त्याच्या वडिलांनी तीसएक वर्षांपूर्वी घेतलेले. त्यांवर आजोबा रोज संध्याकाळी नाट्यगीते आणि अभंग ऐकतात. अलीकडे आवाज घरघरायला लागला होता आणि आजोबांची तक्रार होती की डग्गा ऐकूच येत नाही. मुंबईच्या एका दुकानदाराने नव्या जोडीची किंमत ३८ हजार रुपये सांगितली होती. घरात तेवढे पैसे होते, पण ते नव्या जाळ्यांसाठी बाजूला काढलेले. "सर, एवढा फरक खरेच पडेल का?" असा त्याचा प्रश्न होता.

असा प्रश्न कोणी विचारला की आपण दोन्ही स्पीकरांची माहितीपत्रके शेजारी ठेवून आकडे ताडून पाहतो. मी त्याला म्हटले, आधी तुमची खोली पाहू.

खोली ४ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच होती. खाली गुळगुळीत लाद्या, भिंतींना सिमेंटचा गिलावा. एक स्पीकर कपाटावर चढवलेला, दुसरा खाली स्टुलावर. आजोबांची आरामखुर्ची मागच्या भिंतीपासून बरोबर एक मीटरवर. ही एक मीटरची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

स्पीकरची रचना तुम्हाला ठाऊक असेल. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे असते, वेटोळ्याला कागदाचा शंकू चिकटवलेला असतो. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढे-मागे हलते आणि शंकू हवेला ढकलतो. आज वापरतात त्या स्वरूपाचा हा स्पीकर राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडला, आणि त्यातले मूळ तत्त्व शंभर वर्षांत बदललेले नाही. बदलले ते पेटीचे गणित. ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते इतके नेटके केले, की शंकूचे आणि पेटीचे काही मोजके आकडे कळले तर खालचे स्वर कुठपर्यंत मिळतील हे कागदावरच सांगता येते.

या गणिताचा एक भाग तुम्हीही करू शकाल. स्वराची कंप्रता निम्मी केली आणि आवाज मात्र तेवढाच हवा असला, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. १०० हर्ट्झला जो शंकू अर्धा मिलिमीटर हलतो, त्याला ५० हर्ट्झला दोन मिलिमीटर आणि २५ हर्ट्झला आठ मिलिमीटर हलावे लागेल. तळहाताएवढ्या शंकूला हे झेपत नाही. म्हणून छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; एकीवर पाणी सोडावेच लागते. ३८ हजारांची पेटी जुन्या पेटीएवढीच असेल, तर तीही या नियमातून सुटत नाही.

मग डग्गा गेला कुठे? मी स्पीकरच्या पाठीमागे पाहिले. खाऱ्या हवेने तारांची टोके हिरवी पडली होती आणि कोणीतरी ती घासून पुन्हा जोडलेली दिसत होती. त्यात एका पेटीची लाल आणि काळी तार उलटसुलट झाली होती! म्हणजे एक शंकू पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई. ५० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ३४० भागिले ५०, म्हणजे ६.८ मीटर. (उकाड्यात आपल्याकडे ध्वनीचा वेग ३४८ मीटरच्या घरात जातो, पण हिशेबाला ३४० सोयीचा.) एवढ्या लांब तरंगापुढे दोन पेट्यांमधले दोन मीटर अंतर किरकोळच. समोर बसलेल्या माणसापाशी एकाचे संपीडन आणि दुसऱ्याचे विरलन एकाच वेळी पोहोचते आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे स्वर आखूड तरंगांचे असल्याने बरेचसे वाचतात. म्हणून गायकाचा आवाज राहतो, डग्गा जातो.

तुमच्या घरी हे तपासायचे असेल तर अँप्लिफायर बंद करून तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचे धन टोक लाल टोकाला लावले की शंकू सहसा पुढे येतो. खरी अट एवढीच की दोन्ही पेट्यांत तो एकाच दिशेने हलला पाहिजे. सेल टेकवून धरून ठेवू नका, वेटोळे तापते.

तारा नीट केल्यावर आजोबा खुर्चीतून उठले नाहीत, पण मान हलू लागली. तरी त्यांचे म्हणणे होते की तबला अजून "लांबून" येतो. तेव्हा मी फोनवरच्या एका उपयोजनातून ८५ हर्ट्झचा सलग स्वर लावला आणि नातवाला खोलीच्या लांबीच्या दिशेने हळूहळू चालायला सांगितले. भिंतीजवळ घुमणारा आवाज, एक मीटरवर आल्यावर जवळजवळ नाहीसा! खोलीच्या मध्यावर पुन्हा मोठा, तीन मीटरवर पुन्हा बारीक. ८५ हर्ट्झची तरंगलांबी ४ मीटर, खोलीची लांबीही ४ मीटर. दोन भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा राहतो. दाबाचे चढउतार भिंतींपाशी आणि मध्यावर सर्वांत जास्त, आणि लांबीच्या पाव व पाऊण अंतरावर सर्वांत कमी. आजोबांची खुर्ची नेमकी पावावर होती. ती दोन हात पुढे सरकवली. हा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने वर्गात करावा असा आहे. सोनोमीटरवर कागदाचे घोडे उडवण्यापेक्षा तो कितीतरी जास्त लक्षात राहतो.

पेट्या एका उंचीवर आणल्या. राहिला प्रश्न उघड्या भिंतींचा. टाळी वाजवली की ती रेंगाळत होती. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. त्याचा नियम हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून काही वर्षे खपून शोधला. एका व्याख्यानगृहात बोललेले कळेना म्हणून विद्यापीठाने हे काम या तरुण प्राध्यापकाकडे दिले. शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या ते रात्री उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवून थांबवत, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजत. रिकाम्या दालनात तो साडेपाच सेकंदांच्या आसपास भरत असे. पुन्हा सकाळपूर्वी गाद्या जागच्या जागी! त्यातून निघालेले सूत्र असे: निनादाचा काळ = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. शोषणाचे एकक त्यांनी उघडी खिडकी हे धरले, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्या खोलीचे घनफळ ४०.८ घनमीटर. भिंती, लादी आणि छत मिळून सुमारे ७२ चौरस मीटर, आणि असे कठीण पृष्ठभाग जेमतेम तीन टक्के आवाज शोषतात असे धरले तर शोषण २.१. दीड चौरस मीटरची उघडी खिडकी मिळवून ३.६. निनाद सुमारे १.८ सेकंद. आता चार चौरस मीटर भरतील अशा जाड गोधड्या भिंतीवर टांगल्या आणि त्या निम्मा आवाज शोषतात असे मानले, तर शोषण ५.६ होते आणि निनाद १.२ सेकंदांवर येतो. माणसे आणि सामान यात धरलेले नाही. घरात गोधड्या होत्याच. आजीला मात्र दिवाणखान्यात गोधड्या टांगणे अजिबात पसंत पडले नाही, तेव्हा शेवटी एकच टांगली, तीही दाराच्या मागे.

घरघर मात्र अजून होती. पेटीची जाळी काढली तेव्हा कारण दिसले. शंकूच्या कडेला फोमची मऊ पट्टी असते. तिच्या आधाराने शंकू मधोमध राहतो. पॉलियुरेथेनचा फोम हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आणि समुद्राकाठी ओलाव्याला काय तोटा! बोट लावताच पट्टीचा भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. कड सुटली की शंकू तिरपा होतो, वेटोळे चुंबकाला घासते, आणि तीच घरघर. चुंबक, वेटोळे, शंकू, पेटी, सारे शाबूत होते. नातवाने मापाच्या रबरी कडा मागवल्या आणि सरस सुकेपर्यंत शंकू मधोमध राहावा म्हणून त्यातून खालचा मंद स्वर वाजवत ठेवला. खर्च काही शेकड्यांत भागला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे झाले, पण नवे स्पीकर याहून चांगले वाजतीलच ना? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. कारण दोन पेट्यांत जी किंचित मोठ्याने वाजते तीच माणसाला चांगली वाटते. एकाच अँप्लिफायरवर ८९ डेसिबेल संवेदनक्षमतेची पेटी ८६ वालीपेक्षा तीन डेसिबेलने मोठी वाजेल, म्हणजे जणू दुप्पट शक्ती दिल्यासारखी. शिवाय १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज लहान असताना आपला कान खालच्या स्वरांना अधिक बहिरा असतो. थोडा आवाज वाढवला की खर्ज आपोआप भरल्यासारखा वाटतो. किंमत आणि नाव दिसत असले की कान आणखी फसतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात पडद्याआड पेट्या ठेवून ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या त्या याचसाठी.

आम्हीही पडदा लावला. नातवाच्या बोईसरच्या मित्राने आपली नवी जोडी दोन दिवसांसाठी दिली. फोनवरील मापकाने दोन्हींचा आवाज अर्ध्या डेसिबेलच्या आत सारखा केला. मी चादरीमागे बसून नाणे उडवी आणि छापा आला तर जुनी, काटा आला तर नवी लावी. दहा वेळा. नातवाने नऊ वेळा बरोबर ओळखले, आजोबांनी सहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तेव्हा नातवाला फरक खरोखर कळत होता. सहा किंवा अधिक मात्र १०२४ मध्ये ३८६ वेळा नशिबानेच येतील. आजोबांना फरक कळला असे त्यावरून म्हणता येत नाही. कळलाच नाही असेही म्हणता येत नाही. त्यासाठी दहापेक्षा बऱ्याच जास्त वेळा ऐकावे लागते, आणि आजोबा कंटाळले होते.

यात आश्चर्य नाही. नव्या जोडीचा जोर वरच्या स्वरांवर होता. वयाबरोबर कान वरच्या टोकाकडून मिटत जातात, आणि आजोबांनी तर उमेदीची सारी वर्षे होडीच्या डिझेल इंजिनाशेजारी काढलेली. अशा गोंगाटाने ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे सर्वांत आधी जाते. नातवाला १५ हजार हर्ट्झचा स्वर ऐकू आला, आजोबांना ६ हजारांच्या वरचा एकही नाही. त्यांच्यासाठी २० हजारांपर्यंत जाणारी पेटी घेणे म्हणजे न वाचणाऱ्याला चष्मा घेऊन देणे.

आणि खर्ज? काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंप पावते. या छोट्या पेट्या तिथे आधीच मंदावलेल्या असतात. तरी खर्ज आपल्याला ऐकू येतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याच्या जवारीमुळे उमटणाऱ्या समृद्ध उपस्वरांकडे लक्ष वेधले होते. मूळ स्वर क्षीण असला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेच्या उपस्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो.

निर्णय घरच्यांनी घेतला, मी नाही. जाळ्यांचे पैसे जाळ्यांना गेले. नातू नोकरीला लागला की स्वतःच्या कानांसाठी नवी जोडी घेणार आहे, आणि त्याने ती जरूर घ्यावी. त्याला फरक ऐकू येतो हे आता आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मात्र डाव्या पेटीतला वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर अजून थोडा दबलेला वाटतो. आतले धारित्र इतक्या वर्षांत वाळले असावे असा माझा अंदाज आहे. पुढच्या रविवारी डागणी घेऊन पुन्हा दातिवऱ्याला जायचे आहे.