बोटीचे भाडे आणि सरकारची नजर

समुद्री मालवाहतुकीच्या भाड्यावर सरकारने नजर ठेवावी का आणि ठेवावी तर किती, हा वाद अलीकडे वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर वरचेवर दिसू लागला आहे. त्यावर हिरिरीने लिहिणाऱ्या मंडळींचा इतिहास मात्र बहुतेक वेळा २०२१ साली सुरू होतो. चीनहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणाऱ्या चाळीस फुटी कंटेनरचे भाडे महामारीपूर्वी दीड-दोन हजार डॉलरच्या आसपास असे. त्या वर्षी ते वीस हजारांच्या वर गेले. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बाहेर शंभरावर बोटी खोळंबल्या आणि मग सगळ्या जगाला एकदम साक्षात्कार झाला की या धंद्याची सूत्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. ज्यांनी बोटीच्या धंद्याची जुनी कागदपत्रे वाचली आहेत, त्यांना यात नवे काहीच वाटले नाही. ही गोष्ट कलकत्त्याला सुरू होते, आणि तिला दीडशे वर्षे झाली.

१८७५ साली इंग्लंड आणि कलकत्ता यांच्यामध्ये बोटी चालवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून भाडे ठरवले. जगातील पहिली ‘शिपिंग कॉन्फरन्स’ ती हीच. दोनच वर्षांत त्यांनी आणखी एक हत्यार शोधून काढले. वर्षानुवर्षे कॉन्फरन्सच्याच बोटींतून माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्याचा दहावा हिस्सा परत द्यायचा, पण लगेच नव्हे. सहा महिन्यांचा हिशेब झाला की पुढचे सहा महिने ती रक्कम कंपनीकडेच राहायची. त्या काळात व्यापाऱ्याने एक गाठोडे जरी परक्या बोटीत चढवले, तरी सगळी रक्कम बुडाली. पैसा व्यापाऱ्याचा आणि त्याला बांधणारा दोरही त्याच पैशाचा. नवी कंपनी कितीही स्वस्त भाडे घेऊन आली, तरी अडकलेल्या रकमेवर पाणी सोडून तिच्याकडे जाणार कोण?

मुंबईने हा खेळ जवळून पाहिला. मुंबईहून सूत आणि कापूस चीन-जपानला नेणाऱ्या पी अँड ओ आणि तिच्या दोन युरोपीय साथीदार कंपन्यांचे भाडे जाचक झाले, तेव्हा जमशेटजी टाटांनी १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कैशाशी हातमिळवणी करून स्वतःची लाइन काढली. प्रतिपक्षाने भाडे टनाला दीड रुपयापर्यंत खाली आणले. टाटांची लाइन टिकली नाही. तुतिकोरिनला चिदंबरम पिल्ले यांच्या स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची गतही पुढे अशीच झाली. १८९१ च्या मोगल स्टीमशिप खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने या प्रकारात बेकायदा काही नाही असा निर्वाळा आधीच दिला होता. त्यानंतर ब्रिटिश सरकारने ‘शिपिंग रिंग्ज’वर शाही आयोग नेमला, त्याचा अहवाल १९०९ मध्ये आला आणि बरेच काही लिहूनही प्रत्यक्षात फार थोडे बदलले.

बदल घडवला तो अमेरिकेने. मिसूरीचे जोशुआ अलेक्झांडर हे प्रतिनिधिगृहाच्या समितीचे अध्यक्ष. १९१२ पासून दोन वर्षे या समितीने बोटकंपन्यांची दप्तरे उघडून पाहिली, साक्षी घेतल्या आणि १९१४ साली अहवाल दिला. तो लिहिण्याचे मुख्य काम केले सॉलोमन ह्युबनर या व्हॉर्टनच्या प्राध्यापकाने. आज त्यांचे नाव विमाशिक्षणासाठी घेतले जाते. परंतु समुद्री भाड्याच्या विषयात त्यांच्या या कामाइतके सखोल आणि दूरदर्शी काम नंतरच्या शंभर वर्षांत क्वचितच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे आणि ते त्याने यापूर्वीही अनेकदा मांडले आहे.

ह्युबनरांसमोर दोन टोके होती. कॉन्फरन्स म्हणजे मक्तेदारी, तेव्हा त्या मोडून काढा, असे मक्तेदारीविरोधी कायद्याचे कैवारी म्हणत. कंपन्या म्हणत, समुद्राचा धंदा निराळा आहे, आम्हाला आमच्यावर सोडा. ह्युबनरांनी दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले आणि तिसरीच वाट दाखवली. कॉन्फरन्स नुसती बंद केली तर दोनच गोष्टी होतील, असा अहवालाचा युक्तिवाद होता. एक तर भाड्याची अशी लढाई पेटेल की दुबळ्या कंपन्या बुडून सबळ तेवढ्या उरतील. नाहीतर कंपन्या एकमेकींत विलीन होतील. दोन्हींत शेवटी मक्तेदारीच हाती लागेल, आणि तीही कोणाला न दिसणारी. त्यापेक्षा करार करू द्या, पण प्रत्येक करार सरकारकडे दाखल झाला पाहिजे, मंजूर झाला पाहिजे आणि छोट्या व्यापाऱ्याला गाऱ्हाणे घेऊन जाण्याची जागा असली पाहिजे.

१९१६ चा शिपिंग ॲक्ट या विचारातून जन्मला. भाड्याचा हिस्सा अडकवून ठेवून नंतर परत देण्यावर, म्हणजेच लांबणीवरची सूट देण्यावर, त्याने सरळ बंदी घातली. ‘फायटिंग शिप’ही बंद केली. नव्या कंपनीची बोट ज्या दिवशी सुटणार त्याच दिवशी, त्याच बंदरातून, तोट्यातल्या भाड्याने कॉन्फरन्सची एक बोट सोडायची आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असा तो प्रकार. आणि माल मोठा असो की लहान, सारख्या परिस्थितीतल्या व्यापाऱ्यांत भेदभाव नको, हे तत्त्व कायद्यात आले.

याचे पडसाद मुंबईत उमटले, पण कायदा काही झाला नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर कंपनीच्या वाट्याला आली ती भाड्याची लढाई आणि अखेर प्रतिस्पर्ध्यांशी १९२३ चा तहनामा. सराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात दोन विधेयके आणली. किनारी वाहतूक भारतीय बोटींसाठी राखण्याचे एक, लांबणीवरची सूट रद्द करण्याचे दुसरे. पहिल्याची आठवण सागरी दिनाच्या भाषणांत निघते. दुसऱ्याची कोणीच काढत नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे. राखीव किनाऱ्याने एका कंपनीचे भले झाले असते, लांबणीवरची सूट बंद झाल्याने सगळ्या व्यापाऱ्यांचे. दोन्ही विधेयके कायद्यापर्यंत पोहोचली नाहीत.

१९१६ ते १९६१ हा अमेरिकेतला काळ भराभर ओलांडावा असाच आहे. शिपिंग बोर्ड गेले, मॅरिटाइम कमिशन आले, तेही जाऊन फेडरल मॅरिटाइम बोर्ड आले. पाट्या बदलल्या, दाखल झालेले करार फायलींत पडून राहिले. प्रतिनिधिगृहातील एमॅन्युएल सेलर यांच्या समितीने ही झोप उघडी पाडली आणि १९६१ साली केनेडींच्या कारकिर्दीत स्वतंत्र फेडरल मॅरिटाइम कमिशन स्थापन झाले. पाच सदस्य, त्यांत एका पक्षाचे तिघांहून अधिक नाहीत. जगातल्या सर्वांत मोठ्या आयात-व्यापारावर नजर ठेवणाऱ्या या संस्थेत आजही माणसे दीडशेच्या आसपासच आहेत. १९६३ मध्ये सिनेटर पॉल डग्लस यांनी जाहीर सुनावणीत दाखवून दिले की, अमेरिकेतून जाणाऱ्या मालाला बऱ्याचदा येणाऱ्या मालापेक्षा जास्त भाडे पडते. सरकारी देखरेख वेळोवेळी तपासून घ्यायची असते, याचा तो उत्तम धडा होता.

१९८४ च्या शिपिंग ॲक्टने मंजुरीची अट काढली. दाखल झालेला करार ४५ दिवसांनी आपोआप लागू होऊ लागला, आणि तो रोखायचा तर कमिशनने कोर्टात जाऊन भाडे अवाजवी वाढेल किंवा सेवा अवाजवी घटेल हे सिद्ध करायचे. इतका बदल समजण्यासारखा होता. मात्र त्याच कायद्यात एक गोष्ट फार मोलाची होती. मोठ्या गिऱ्हाइकाशी केलेल्या खास कराराच्या मुख्य अटी जाहीर कराव्या लागत आणि तशाच परिस्थितीतला दुसरा व्यापारी येऊन म्हणू शकत असे, ‘मलाही तेच द्या.’ छोट्या निर्यातदाराच्या हाती इतके साधे आणि धारदार शस्त्र दुसऱ्या कुठल्याच कायद्याने दिलेले नाही. प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे याच कलमाची बाजू मांडत आला आहे. कायद्याचा फेरआढावा घेण्यासाठी खास आयोगही नेमला होता. मंत्री, खासदार, बोटवाले, मालवाले सगळे त्यात होते. १९९२ मध्ये त्याने अहवाल दिला, पण एकमत न झाल्याने एकही शिफारस केली नाही.

फेडरल मॅरिटाइम कमिशनला दात होते हे १९९७ मध्ये दिसले. जपानी बंदरांत परदेशी बोटींना प्रत्येक बारीकसारीक बदलासाठी तिथल्या गोदी-कंत्राटदारांच्या संघटनेची आधी संमती घ्यावी लागे. कमिशनने १९२० च्या कायद्याच्या आधारे तीन मोठ्या जपानी कंपन्यांच्या बोटींवर अमेरिकेच्या बंदरात शिरताना दर खेपेला एक लाख डॉलर आकार बसवला. कंपन्यांनी तो भरला नाही. ऑक्टोबरात कमिशनने त्यांच्या बोटी अडवण्याचा निर्णय घेतला आणि टोकियो आणि वॉशिंग्टनमध्ये एकच धावपळ उडाली. काही दिवसांत तडजोड झाली, कंपन्यांनी पंधरा लाख डॉलर भरले आणि बंदरांची पद्धत बदलण्याची हमी मिळाली. दोन सार्वभौम देशांच्या वादात पाच जणांच्या मंडळाने इतका ताठा दाखवावा, हे कौतुकास्पदच होते.

आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. १ मे १९९९ पासून करार गुप्त झाले. ‘मलाही तेच द्या’ हा हक्क संपला. याला बाजाराची मुक्ती म्हणणारे पंडित तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे म्हणणे असे की गुप्त करारांमुळेच कॉन्फरन्स मोडल्या. मोडल्या, हे खरे आहे. २००८ मध्ये युरोपनेही त्यांना स्पर्धा कायद्यातून असलेली सवलत काढून घेतली. पण पुढे काय झाले? मर्स्कने २००५ मध्ये पी अँड ओ नेडलॉइड आणि २०१७ मध्ये हॅम्बुर्ग झ्यूड घेतली. सीएमए सीजीएमने एपीएल घेतली, हापाग-लॉइडने यूएएससी, कॉस्कोने ओओसीएल. तीन जपानी कंपन्यांचा कंटेनरचा धंदा २०१८ मध्ये एकत्र झाला. उरलेल्या कंपन्यांनी युतींमध्ये बोटी वाटून घेतल्या. १९१४ साली ह्युबनरांनी जे सांगितले होते ते शब्दशः घडले. पंडितांनी त्यांचा अहवाल उघडला असता, तर ‘विलीनीकरण’ हा शब्द त्यांना आधीच भेटला असता.

मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये काम केलेल्या जुन्या माणसांना कॉन्फरन्सचे टॅरिफ आठवत असेल. जाडजूड फाइल, सुटी पाने, आणि दर सुधारणेला आलेले नवे पान जुन्याच्या जागी घालण्याचे नव्या कारकुनाचे काम. काजूगर, ताग, कातडी, मसाले, प्रत्येकाची वेगळी ओळ. भाडे वजनावर की मापावर, जे कंपनीला जास्त मिळवून देईल त्यावर. दर जड होता, कित्येकदा अन्यायी होता, पण तो लिहिलेला होता. मंगलदास मार्केटचा व्यापारी त्या ओळीवर बोट ठेवून भांडू शकत होता. भांडण हाताबाहेर गेले, तर जहाजवाहतूक महासंचालनालयात १९५९ पासून फ्रेट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो होता. त्याच्याकडे तक्रार नेता येई. प्रस्तुत लेखकाने त्या टेबलांवर निकराने झालेल्या घासाघिशी पाहिल्या आहेत. आज निर्यातदाराच्या मोबाइलवर एजंटचा एक संदेश येतो, दर आठवड्यापुरता असतो, आणि शेजारच्याला काय दर मिळाला हे कळायला मार्ग नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेने चूक अंशतः सुधारली. १६ जूनला बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने डेमरेज (कंटेनर बंदरात पडून राहिल्याचा आकार) आणि डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) यांची बिले वाजवी आहेत हे सिद्ध करण्याचा भार बोटकंपनीवर टाकला. निर्यातीचा माल अवाजवी कारणाने नाकारण्यास मनाई केली, कारण कॅलिफोर्नियाचे बदाम धक्क्यावर पडून राहत आणि कंटेनर रिकामेच आशियाकडे धावत. २८ मे २०२४ पासूनच्या नियमानुसार बिल तीस दिवसांत आले नाही किंवा त्यात ठरलेला तपशील नसला, तर ते भरण्याचे बंधन नाही. हा वाद किती बारीक पातळीवर जातो ते सव्हाना बंदराच्या एका प्रकरणात दिसते. मे २०२० मध्ये सुट्यांमुळे बंदर बंद होते, रिकामा कंटेनर परत घ्यायला कोणी नव्हते, तरी एका ट्रक कंपनीला त्या दिवसांचे डिटेन्शन लावले गेले. रक्कम ५१० डॉलर. कमिशनने ती परत करायला सांगितले. २०२४ मध्ये अपील कोर्टाने कमिशनची कारणमीमांसा अपुरी ठरवून प्रकरण माघारी पाठवले. ५१० डॉलरसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. ह्युबनरांना हवी होती ती छोट्या माणसाची गाऱ्हाण्याची जागा ती हीच. मात्र करार गुप्तच राहिले. ‘मलाही तेच द्या’ काही परत आले नाही.

भारतात ती जागाही उरलेली नाही. बोटी वाटून घेण्याच्या करारांना स्पर्धा कायद्यातून २०१३ पासून सवलत देण्यात आली आणि तिची मुदत वाढवली जात राहिली. स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये मोटारी वाहून नेणाऱ्या जपानी कंपन्यांना संगनमताबद्दल सुमारे ६३ कोटींचा दंड केला, ही समाधानाची बाब आहे. पण तो न्याय वर्षानुवर्षांनी येतो. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रातले बोटींवरचे हल्ले वाढल्यावर नाशिकची द्राक्षे केप ऑफ गुड होपला वळसा घालून रॉटरडॅमला जाऊ लागली. रीफर म्हणजे शीत कंटेनरचे भाडे आणि त्यावरचे अधिभार एकामागून एक वाढले, आणि त्यातला किती भाग इंधनाचा, किती संधीचा, हे विचारायला पिंपळगावच्या बागायतदाराकडे दार नव्हते. २०२५ मध्ये संसदेने बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा आणि समुद्री मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा बदलला, मर्चंट शिपिंगचाही नवा केला. जुनाट भाषा गेली हे बरेच झाले. आता पुढचे पाऊल लहान आहे आणि त्याला परदेशी सल्लागार लागत नाही. भारतीय बंदरांना लागू होणारा बोटकंपन्यांचा प्रत्येक करार महासंचालनालयात दाखल व्हावा, प्रत्येक अधिभाराची सूचना तीस दिवस आधी कारणांसह प्रसिद्ध व्हावी, आणि ठरावीक कंटेनरांपेक्षा कमी माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला त्याच मार्गावर दुसऱ्याला दिलेल्या दराची मागणी करता यावी. हाजींनी हे भांडण सुरू केले तेव्हा सरकार परके होते. आज सरकार आपले आहे आणि बहुतेक बोटी परक्या.