सायकलच्या चेनला तेल : कोणतं, किती आणि कुठे

मंडळी, आपल्या पट्ट्यात तेलाला तोटा नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही शेडमध्ये शिरा, हायड्रॉलिक ऑइल आहे, कूलंटचं पांढरं पाणी आहे, आणि गॅरेजच्या दारात कॅनभर जळकं ऑइल आहे. बहुधा म्हणूनच सायकलच्या चेनला काय घालायचं, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. हाताशी आहे ते ओतायचं. तळवडे, खराबवाडी, म्हाळुंगे या बाजूला शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहिलं, की धुळीने माखलेल्या काळ्या चेन दिसतात. कंत्राटी कामगाराची, वॉचमनची ही सायकल. ती बंद पडली तर त्या दिवशीचा खाडा. आणि रात्री तळेगाव-चाकण रस्त्यावर, शेजारून कंटेनर जात असताना पेडलवर जोर दिला आणि चेन उतरली, तर नुसत्या खाड्यावर भागत नाही.

तेल नेमकं कुठे हवं, ते आधी बघू. आज आपण वापरतो ती बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये तयार केली. आत पिन, पिनवर बुश, बुशवर फिरणारा रोलर. गिअरच्या आधुनिक चेनमध्ये वेगळा बुश नसतो, आतल्या पट्टीलाच तसा आकार दिलेला असतो. पण झीज होते ती जागा तीच, पिनच्या भोवती. बाहेरून चेन कितीही चकाकली तरी पिन कोरडी असू शकते. आणि बाहेरून तेलाने थबथबलेली असली तरीही आत कोरडीच असू शकते.

आपण म्हणतो, चेन ताणली. पोलाद काही रबरासारखं ताणत नाही. एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अशा ११० कड्या धरा. प्रत्येक जोडात फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन झीज झाली, तर सगळी मिळून चेन ११ मिलिमीटरने लांबते. इथे बसलेल्यांपैकी कित्येकजण रोज २० मायक्रॉनसाठी जॉब रिजेक्ट करतात. त्यांच्याच सायकलची चेन १०० मायक्रॉनवर चाललेली असते, आणि इन्स्पेक्शनला कुणी नाही!

मोजायला व्हर्नियर लागत नाही, स्टीलची पट्टी पुरे. चेन ताठ धरून एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनचे बरोबर १२ इंच भरतात. अर्धा सूत जास्त भरलं, तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत जास्त भरलं, तर त्या चेनने फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात. मग नवी चेन टाकली तरी ती जुन्या दातांवरून घसरते, आणि खर्च दुप्पट होतो.

आता जळकं ऑइल. फुकट मिळतं, काळं असलं तरी तेलच ना, असं म्हणतात. पण ते काळं कशाने झालं? इंजिनातल्या काजळीने आणि धातूच्या बारीक कणांनी. त्यात आपल्या रस्त्यावरची धूळ मिसळते. या धुळीत क्वार्ट्झ असतं, भोसरीत फाउंड्रीची वाळूही असते. कडक केलेल्या पोलादापेक्षा क्वार्ट्झ जास्त कठीण. तेल आणि वाळू मिळून काय होतं, हे लॅपिंगचं काम केलेल्याला सांगायला नको. शिवाय जळकं ऑइल सतत हाताला लागणं कातडीलाही चांगलं नाही.

कूलंटही नको. त्यात ५ ते १० टक्के तेल, बाकी पाणी. ग्रीस घट्ट, ते आत शिरत नाही, बाहेर धूळ धरून बसतं. डब्ल्यूडी-४० या नावातच त्याचं काम सांगितलेलं आहे : पाणी हटवणं. १९५३ साली तो फॉर्म्युला चाळिसाव्या प्रयत्नात जमला, म्हणून ४०. भिजलेली चेन सुकवायला, गंज सोडवायला उत्तम. पण त्याचा थर पातळ असतो. तेवढ्यावर महिना काढू नये.

मागून प्रश्न आलाय, खोबरेल चालेल का? खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या पहाटे फर्स्ट शिफ्टला निघाल की कळेल! शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल हवेने हळूहळू चिकट होतं. स्वयंपाकाचं तेल स्वयंपाकालाच ठेवा.

मग घालायचं काय? साधी काळी सायकल असेल, फुल चेनकव्हर असेल, तर आमच्या मते बाइकचं नवं इंजिन ऑइल, २०डब्ल्यू-४०, पुष्कळ झालं. कव्हर धूळ अडवतं. चेन उघडी असेल, गिअरची असेल, तर सायकलसाठीच मिळणारं तेल घ्या. पावसाळ्यात जाड, पाण्याने न धुतलं जाणारं; दसऱ्यानंतर, रस्त्यावर धुरळा उडायला लागला की कोरड्या प्रकारचं, ज्यातला द्रव उडून मेणासारखा थर राहतो. ते रात्री लावा, सकाळपर्यंत सुकू द्या. काही हौशी मंडळी चेन पूर्ण धुऊन वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवतात. चेन फार स्वच्छ राहते, खरं आहे. पण गरम मेण पेट घेऊ शकतं. पातेलं थेट शेगडीवर ठेवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावं. रोज डबा अडकवून कामावर जाणाऱ्याने या खटाटोपात पडावं, असं आम्हांला वाटत नाही.

लावण्याची रीत. आधी सुक्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. फारच घाण असेल तर ब्रश आणि थोडं डिझेल. पेट्रोल नको, त्याची वाफ लगेच पेट घेते. चेन पूर्ण सुकू द्या. मग चेन-लॉकपासून सुरुवात करा, म्हणजे फेरा कुठे पूर्ण झाला ते कळतं. चेनच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाने, एका रोलरवर एक थेंब. एकच. ११० कड्या, ११० थेंब. पाच मिनिटं पेडल उलटं फिरवा, तेल पिनपर्यंत पोहोचू द्या. आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. इथे लोकांचा जीव खालीवर होतो, आत्ता घातलं आणि आत्ता पुसायचं? हो. बाहेर राहिलेलं तेल काम करत नाही, ते उद्याची धूळ गोळा करतं.

किती दिवसांनी, याला कॅलेंडर नाही. कोरडी किरकिर ऐकू आली म्हणजे उशीर झालेला असतो. पावसात भिजून आलात तर त्याच संध्याकाळी पुसा आणि थेंब द्या. एरवी आठवड्यातून एकदा फडकं फिरवलं, तरी तेल कमी लागतं.

सायकली खाली पार्किंगमध्ये आहेत ना? स्टीलच्या दोन पट्ट्या आणि फडकी आम्ही आणली आहेत. चला, आधी मोजून बघू.